कंबरेचं पिस्तूल : कोणतं, कोणासाठी आणि कशासाठी

बीड जिल्ह्यात शस्त्र परवान्याचा विषय निघाला की पहिला प्रश्न असतो, 'कोणतं घ्यावं?' पिस्तूल की रिव्हॉल्व्हर, छोटं की मोठं, कानपूरचं की बाहेरदेशचं. 'कशाला घ्यावं?' हा प्रश्न मागून येतो, पुष्कळदा येतच नाही. डिसेंबर २०२४ नंतर मात्र हा दुसरा प्रश्न साऱ्या महाराष्ट्रानं बीडला विचारला.

केज तालुक्यातल्या मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचं ९ डिसेंबर २०२४ रोजी अपहरण झालं आणि त्यांचा निर्घृण खून झाला. त्या पाठोपाठ जिल्ह्यातल्या पिस्तुलांची चर्चा सुरू झाली. हवेत गोळ्या झाडणाऱ्यांच्या आणि कंबरेचं पिस्तूल कॅमेऱ्याला दाखवणाऱ्यांच्या चित्रफिती घरोघरच्या मोबाइलवर पोचल्या. सामाजिक कार्यकर्त्या अंजली दमानिया यांनी परवान्यांचे आकडे जाहीर केले : बीडमध्ये १,२२२, शेजारच्या परभणीत ३२, अमरावती ग्रामीणमध्ये २४३. बाराशेहून जास्त परवाने असलेल्या या जिल्ह्यात मग छाननी सुरू झाली. नवे पोलीस अधीक्षक नवनीत काँवत यांनी प्रस्ताव पाठवले, तेव्हाचे जिल्हाधिकारी अविनाश पाठक यांनी शंभराहून अधिक परवाने रद्द केले.

दोन्ही प्रश्न एकत्रच घ्यायला हवेत, असं मला वाटतं. ज्याच्या जिवाला खरोखर धोका आहे त्याला कोणतं हत्यार सोयीचं, हे नीट कळायला हवं. त्यात लाजण्यासारखं काही नाही. आणि हा विचार शेवटपर्यंत नेला की आपोआप लक्षात येतं की बीडमध्ये कंबरेला दिसणारी बरीच हत्यारं संरक्षणासाठी निवडलेलीच नाहीत.

बाहेरच्या जगात काय चालतं

अंगावर बाळगायच्या पिस्तुलाची जी चर्चा इंटरनेटवर वाचायला मिळते ती बहुतेक अमेरिकेतली असते. तिथं तीन गोष्टींचा मेळ शोधतात : पिस्तूल आखूड हवं, मूठ पातळ हवी आणि गोळी मोठी हवी. मूठ पातळ होते ती एकेरी मॅगझिनमुळे. या मॅगझिनमध्ये काडतुसं एकावर एक, एकाच रांगेत बसतात. दुहेरी मॅगझिनमध्ये ती डावी-उजवीकडे आलटून पालटून बसतात; त्यात गोळ्या जास्त मावतात, पण मूठ जाड होते आणि शर्टाखाली फुगवटा दिसतो. एकेरी पिस्तुलाची जाडी साधारण एक इंचावर राहते.

हा प्रकार जुनाच आहे. जॉन ब्राउनिंग यांनी घडवलेलं आणि अमेरिकी सैन्यानं १९११ मध्ये स्वीकारलेलं .४५ बोरचं कोल्ट पिस्तूल एकेरीच होतं. त्यात सात गोळ्या बसत आणि वजन किलोच्या वर जाई. छोट्या आकारातली मोठी गोळी ही लाट पुढे आली आणि तिला मोठा हातभार लावला तो कायद्यानं. १९९४ ते २००४ या काळात अमेरिकेत नव्या मॅगझिनवर दहा गोळ्यांची मर्यादा होती. दहाच गोळ्या ठेवता येणार असतील तर मोठं धूड कशाला, असा हिशेब कंपन्यांनी केला. त्याआधी १९८७ मध्ये फ्लोरिडा राज्यानं शस्त्र झाकून बाळगण्याचे परवाने सढळ केले होते आणि एकेक राज्य त्याच वाटेनं निघालं होतं. गिऱ्हाईक तयार होतं. पुढे ग्लॉक ३६, स्प्रिंगफिल्डचं एक्सडी-एस अशी .४५ बोरची पातळ पिस्तुलं आली. २०१२ मध्ये स्मिथ अँड वेसनचं शील्ड आणि २०१५ मध्ये ग्लॉक ४३ ही ९ मिलिमीटरची पिस्तुलं आली. २०१८ मध्ये सिग सॉअरच्या पी ३६५ नं जवळपास तेवढ्याच जाडीत दहा गोळ्या बसवल्या आणि निव्वळ एकेरी मॅगझिनचा जमाना तिथंही मागे पडू लागला.

कोणतं पिस्तूल लोकांच्या कंबरेला येतं हे कारखान्याच्या आधी त्या देशाचा कायदा ठरवतो, एवढं या इतिहासावरून कळतं. आपल्याकडे तर ते जास्तच खरं आहे.

आपला कायदा : बोर आधीच ठरलेलं

शस्त्र अधिनियम १९५९ चा, त्याखालचे सध्याचे नियम २०१६ चे, आणि अलीकडची मोठी दुरुस्ती २०१९ ची. या तिन्हींनी मिळून बीडच्या अर्जदारासमोरचे बहुतेक पर्याय आधीच बाजूला काढले आहेत.

पहिली गोष्ट बोरची. सैन्य आणि पोलीस वापरतात ती ९ मिलिमीटरची गोळी ज्या पिस्तुलात चालते ते 'प्रतिबंधित बोर' ठरतं. जुन्या सरकारी .३८० आणि .४५५ रिव्हॉल्व्हरचंही तसंच. असा परवाना देणं जिल्हाधिकाऱ्यांच्या हातात नाही, ते केंद्रीय गृह मंत्रालयाचं काम. म्हणजे अमेरिकेत सर्वांत जास्त खपणारं ९ मिलिमीटरचं छोटं पिस्तूल बीडचा व्यापारी, सरपंच किंवा कंत्राटदार साध्या परवान्यावर घेऊच शकत नाही.

दुसरी गोष्ट आयातीची. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून सामान्य नागरिकासाठी परदेशी हत्यारांची आयात जवळजवळ बंद आहे. नामांकित नेमबाज आणि परदेशातला मुक्काम हलवून कायमचे परतणारे यांच्यापुरत्या फटी राहिल्या. बाजारात जे जुनं 'इम्पोर्टेड' फिरतं ते या बंदीच्या आधीचं किंवा त्या फटींतून आलेलं. त्याची किंमत लाखांत जाते ती मुख्यतः दुर्मीळपणामुळे. चाळीस वर्षांची स्प्रिंग, झिजलेली नळी आणि न मिळणारे सुटे भाग यांसाठी लाखो रुपये मोजून जीव त्या हत्यारावर सोडणं शहाणपणाचं नाही.

तिसरी गोष्ट संख्येची. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला जास्तीत जास्त दोन अग्निशस्त्रं ठेवता येतात, पूर्वी तीन चालत. परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षं झाली. परवान्यावर हत्याराचा क्रमांक, काडतुसांची मर्यादा आणि ते कुठल्या हद्दीत बाळगता येईल हे लिहिलेलं असतं. हद्द जिल्ह्याची असेल तर पुण्याच्या लग्नाला जाताना ते कंबरेला लावून जाता येत नाही.

मग हाती उरतं काय

उरतं ते देशी बनावटीचं .३२ बोर. त्याची दोन घराणी आहेत. एक रिव्हॉल्व्हर, दुसरं पिस्तूल. दोघांवर '.३२' लिहिलेलं असलं तरी काडतुसं वेगळी : रिव्हॉल्व्हरचं लांब आणि बुडाशी कड असलेलं, पिस्तुलाचं आखूड. एकाचं काडतूस दुसऱ्यात घालायचं नसतं. नवा परवानाधारक ही चूक दुकानातच करतो, म्हणून ती इथं सांगून ठेवतो.

रिव्हॉल्व्हरमध्ये कानपूरच्या स्मॉल आर्म्स फॅक्टरीचं नाव सर्वांत जुनं. तिथलं .३२ चं साधं रिव्हॉल्व्हर महाराष्ट्रातल्या परवानाधारकांच्या चांगलं ओळखीचं आहे. २०१४ मध्ये कानपूरच्याच फील्ड गन फॅक्टरीनं 'निर्भीक' आणलं. दिल्लीतल्या २०१२ च्या सामूहिक बलात्काराच्या घटनेनंतर महिलांना डोळ्यांसमोर ठेवून केलेलं, टायटॅनियमच्या मिश्रधातूचं, वजनाला साधारण अर्धा किलो. तेव्हा त्याची किंमत सव्वा लाखाच्या आसपास होती. २०२३ मध्ये 'प्रबल' आलं, सुमारे ७०० ग्रॅमचं, चक्री बाजूला उघडणारं. जुन्या रिव्हॉल्व्हरची नळी पुढे मोडून काडतुसं भरावी लागत. प्रबलमध्ये ती कटकट नाही. उत्तर प्रदेशातल्या हरदोई जिल्ह्यात वेब्ली अँड स्कॉट या ब्रिटिश नावानंही .३२ ची रिव्हॉल्व्हरं तयार होऊ लागली. बंगालमधल्या ईशापूरच्या रायफल फॅक्टरीनं 'निडर' हे .२२ चं, जेमतेम पाव किलोचं रिव्हॉल्व्हर काढलं. खिशात मावेल असं, पण गोळी फारच हलकी.

पिस्तुलांमध्ये ईशापूरचं 'अशनी' हे मुख्य नाव. .३२ बोर, एकेरी मॅगझिन, पातळ मूठ. एकेरी मॅगझिनचं पिस्तूल शोधणाऱ्याला भारतात कायद्यानं सहज मिळणारा हाच प्रकार आहे. गोळी तेवढी मोठी नाही.

ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्ड १ ऑक्टोबर २०२१ पासून मोडून त्याच्या सात सरकारी कंपन्या झाल्या. कानपूर-ईशापूरची हत्यारं आता ॲडव्हान्स्ड वेपन्स अँड इक्विपमेंट इंडिया या कंपनीखाली येतात. काडतुसांची कंपनी, म्युनिशन्स इंडिया, हिचं मुख्यालय मात्र आपल्या पुण्यात आहे. १८६९ मध्ये सुरू झालेला खडकीचा दारूगोळा कारखाना तिच्यात आला. .३२ चं काडतूस उलटं करून बूड पाहिलं तर मध्ये टोपीचा छोटा गोल दिसतो आणि कडेनं 'केएफ' ही अक्षरं. म्हणजे किर्की फॅक्टरी, आपली खडकी. त्याच टोपीवर हातोडीचा टोला बसतो आणि गोळी सुटते. काडतूस दमट कपाटात वर्षानुवर्षं पडून राहिलं की हीच टोपी दगा देते. म्हणून जुनी काडतुसं संपवून नवी घेणं हे नवीन पिस्तूल घेण्यापेक्षा जास्त गरजेचं असतं.

.३२ पुरेसं आहे का

या प्रश्नावर चहाच्या टपरीपासून परवाना शाखेपर्यंत वाद होतात, म्हणून आकडे समोर ठेवतो. .३२ पिस्तुलाची गोळी साडेचार ग्रॅमच्या आसपास असते आणि सुटताना तिची ऊर्जा साधारण पावणेदोनशे ज्यूल. ९ मिलिमीटरची गोळी आठ ग्रॅमच्या घरात, ऊर्जा पावणेपाचशे ते पाचशे ज्यूल. .४५ ची गोळी जवळजवळ पंधरा ग्रॅमची; वेग कमी, पण ऊर्जा ९ मिलिमीटरइतकीच. म्हणजे .३२ ची ताकद या दोघांच्या निम्म्याहूनही कमी. हे मान्य केलंच पाहिजे.

पण उलट बाजूही तितकीच खरी आहे. हलक्या पिस्तुलात मोठी गोळी घातली की धक्का वाढतो. पहिल्या गोळीनंतर नळी वर उसळते आणि दुसरी गोळी भलतीकडे जाते. अमेरिकेत छोटी .४५ घेणाऱ्यांनाही हेच भोगावं लागतं : बाळगायला सोपं, चालवायला अवघड, म्हणून सराव टळतो. .३२ चा धक्का कमी असल्यानं मध्यम ताकदीचा माणूसही ती हातात धरून ठेवू शकतो. स्वसंरक्षणाचा प्रसंग चार-पाच पावलांच्या अंतरात आणि काही क्षणांत संपतो. तिथं निशाण्यावर बसलेली छोटी गोळी उपयोगी पडते, भलतीकडे गेलेली मोठी गोळी रस्त्यावरच्या कुणाचा तरी जीव घेते. ज्यानं वर्षभरात एकही गोळी अधिकृत रेंजवर झाडलेली नाही त्याला .३२ आणि .४५ यांतला फरक मिळणारच नाही.

पिस्तूल की रिव्हॉल्व्हर

कायद्यानं बोरचा वाद मिटवला, तेव्हा खरी निवड इथं उरते.

रिव्हॉल्व्हर जाड असतं, चक्रीमुळे कंबरेला उठून दिसतं, आणि त्यात गोळ्या सहाच्या आसपास. पण ते समजायला सोपं. एखादं काडतूस फुसकं निघालं तर पुन्हा चाप ओढायचा. चक्री फिरून पुढचं काडतूस समोर येतं. चक्री उघडली की आत किती गोळ्या आहेत ते डोळ्यांना दिसतं. घाबरलेल्या माणसाच्या हातून चुका होतातच, आणि रिव्हॉल्व्हरमध्ये त्या चुकांना जागा कमी असते.

पिस्तूल पातळ असतं, झाकायला सोयीचं, आणि मॅगझिन बदललं की लगेच पुन्हा भरलं जातं. पण काडतूस अडकलं की दोन्ही हातांनी स्लाइड मागे ओढून ते काढावं लागतं, आणि हे सरावाशिवाय जमत नाही. पिस्तुलाचा सर्वांत मोठा धोका वेगळाच आहे. मॅगझिन बाहेर काढलं म्हणजे पिस्तूल रिकामं झालं असा समज घराघरात असतो. नळीच्या मागच्या कोठडीत एक गोळी तशीच बसलेली असू शकते. मॅगझिन काढायचं, स्लाइड पूर्ण मागे ओढून धरायची, उजेडात आत पाहायचं आणि बोटानं चाचपायचं. मगच ते रिकामं समजायचं. हे चार टप्पे ज्याला झोपेतही पाठ नाहीत त्यानं पिस्तूल घेऊ नये. मला विचाराल तर सरावाची सोय नसलेल्या माणसानं साधं .३२ चं रिव्हॉल्व्हर घ्यावं, आणि नियमित रेंजवर जाणाऱ्यानं एकेरी मॅगझिनचं .३२ पिस्तूल. किंमत आणि नाव या दोन्ही गोष्टी त्यानंतर पाहाव्यात.

रिव्हॉल्व्हर साधं असलं तरी निष्काळजीपणा त्यालाही चालत नाही. १ ऑक्टोबर २०२४ रोजी पहाटे मुंबईत अभिनेते गोविंदा यांच्या पायाला स्वतःच्याच परवान्याच्या रिव्हॉल्व्हरची गोळी लागली. प्रवासाला निघण्यापूर्वी ते ठेवताना हातून सुटलं होतं. हत्यार हाताळताना ते भरलेलं असणं, एवढीच गोष्ट अपघाताला पुरली.

झाकलेलं हत्यार हाच कायदा

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा, आणि बीडमध्ये सर्वांत कमी ठाऊक असलेला. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल न्यायचं असेल तर ते अंगाला बांधलेल्या होल्स्टरमध्ये किंवा पिशवीसारख्या आवरणात, पूर्णपणे झाकलेलं आणि बाळगणाऱ्याच्या ताब्यात असलं पाहिजे. ते उगारून दाखवणं किंवा सार्वजनिक जागी झाडणं नियमानं मना आहे. जत्रा, धार्मिक मिरवणूक, सभा-संमेलन आणि शाळा-महाविद्यालयाच्या आवारात खास परवानगीशिवाय ते नेताच येत नाही.

म्हणजे इतर देशांत ज्याला 'झाकून बाळगणं' म्हणतात आणि ज्यासाठी काही ठिकाणी वेगळा परवाना लागतो, ते आपल्याकडे बाळगण्याचं एकमेव कायदेशीर रूप आहे. पांढऱ्या शर्टाखालून मूठ बाहेर डोकावेल अशा बेतानं लावलेलं पिस्तूल नियम मोडतं, मग परवाना कितीही खरा असो. वरातीत, वाढदिवसाला, निकालाच्या गुलालात हवेत गोळी झाडणाऱ्यासाठी २०१९ च्या दुरुस्तीनं वेगळी तरतूद केली : दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. हवेत गेलेली गोळी हवेतच राहत नाही, ती कुठे तरी खाली येतेच.

या नियमामागे व्यवहारी शहाणपण आहे. हत्यार दिसलं की बाळगणाऱ्याचा एकमेव फायदा, म्हणजे समोरच्याला ते माहीत नसणं, संपतो. हल्लेखोर एकटा यायचा तो चौघांना घेऊन येतो, किंवा आधी पाठीमागून ते हत्यारच हिसकावतो. खरा धोका असलेला माणूस म्हणून हत्यार लपवतो. दाखवणाऱ्याला दुसऱ्याच कुणाला तरी धाक घालायचा असतो. निवडीची कसोटी इथंच लागते. कोणतं पिस्तूल जास्त चांगलं झाकलं जातं, असं दुकानात विचारणाऱ्याची गरज खरी मानायला हरकत नाही. कोणतं जास्त 'भारी' दिसतं, असं विचारणाऱ्याला परवाना मिळायलाच नको होता.

परवान्याचं हत्यार आणि माणसाचा राग

बेकायदा कट्टा वाईट आणि परवान्याचं पिस्तूल निर्धोक, अशी सरळ वाटणी आपण करतो. कट्ट्याचा प्रश्न गंभीर आहेच. चोपडा तालुक्याला लागून असलेल्या मध्य प्रदेशातल्या उमर्टीसारख्या गावांतून येणारी गावठी पिस्तुलं महाराष्ट्रभर सापडतात, आणि विनापरवाना अग्निशस्त्र बाळगलं तर २०१९ नंतर किमान दोन वर्षांची कैद आहे. परळीत २९ जून २०२४ रोजी मरळवाडीचे सरपंच बापू आंधळे यांचा गोळ्या झाडून खून झाला. गोळी या जिल्ह्याला नवी नाही.

पण परवाना रागाला आवर घालत नाही. २ फेब्रुवारी २०२४ रोजी उल्हासनगरच्या हिललाइन पोलीस ठाण्यात, पोलीस अधिकाऱ्याच्या दालनातच, तेव्हाचे आमदार गणपत गायकवाड यांनी जमिनीच्या वादातून महेश गायकवाड यांच्यावर गोळ्या झाडल्याचा गुन्हा नोंदला गेला. हत्यार परवान्याचं होतं. त्यानंतर सहाच दिवसांनी मुंबईत माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकर यांना फेसबुकवरच्या थेट प्रक्षेपणादरम्यान मारण्यात आलं. ते पिस्तूल मारेकऱ्याच्या अंगरक्षकाच्या नावावरचं होतं. एकात धनी रागावला, दुसऱ्यात हत्यार भलत्या हातात गेलं. जमिनीची मोजणी, बांधाचा वाद, वाळूचा ठेका, ग्रामपंचायतीची निवडणूक या गोष्टी बीडमध्ये रोजच्याच आहेत. त्यांत कंबरेला पिस्तूल असलं की शिवीगाळीवर संपणारं भांडण खुनावर जातं.

कायद्यानं स्वसंरक्षणाचा हक्क दिला आहे आणि तो ठाम आहे. भारतीय न्याय संहितेची ३४ ते ४४ ही कलमं त्याबद्दलच आहेत. जीव जाण्याची किंवा गंभीर इजेची वाजवी भीती असेल तर हल्लेखोराचा जीव घेण्यापर्यंतही तो हक्क जातो. पण पोलिसांकडे जायला वेळ होता तिथं तो हक्क उरत नाही, आणि गरजेपेक्षा जास्त इजा करायची मुभा कुणालाच नाही. गोळी झाडल्यानंतर हे सारं कोर्टात, वर्षानुवर्षं सिद्ध करावं लागतं.

खरी गरज कुणाची

परवाना जीविताच्या किंवा मालमत्तेच्या खऱ्या धोक्यासाठी मिळतो. अर्जदाराचं वय किमान २१ असावं लागतं. पोलिसांचा अहवाल घेऊन जिल्हाधिकारी निर्णय देतात, नाकारला तर अपील करता येतं. शस्त्र हाताळणीच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र लागतं आणि हत्यार सुरक्षित ठेवण्याची हमी द्यावी लागते. निवडणुकीची आचारसंहिता लागली की छाननी समिती ठरवेल त्यांना हत्यार पोलीस ठाण्यात जमा करावं लागतं.

या चाळणीत कोण बसतं? रोज रात्री गल्ला घेऊन घरी जाणारा सराफ किंवा पेट्रोल पंपाचा मालक बसू शकतो. खंडणीची तक्रार केलेला, साक्ष देणारा माणूस बसू शकतो. त्यांना .३२ चं एक झाकलेलं हत्यार, कुलपाचं कपाट आणि नियमित सराव, एवढं पुरे. शेतकऱ्याची गरज वेगळी आहे. नोव्हेंबर २०२० मध्ये आष्टी तालुक्यात बिबट्यानं माणसं मारली तेव्हा रात्री दारं धरायला माणसं शेतात जाईनात. तो बिबट्या अखेर डिसेंबरमध्ये करमाळा तालुक्यात वन विभागाच्या परवानगीनं गोळी घालून मारला गेला. तिथं पिस्तुलाचा काही उपयोग नसतो. पीकरक्षणासाठी लांब नळीच्या बंदुकीची तरतूद कायद्यात वेगळी आहे.

आणि ज्यांना खरी गरज आहे त्यांतल्या पुष्कळांना ती परवडतच नाही. लाखभराचं रिव्हॉल्व्हर ऊसतोडीच्या मुकादमाला जमेल, पण सहा महिने कारखान्याच्या तळावर कोपीत राहणाऱ्या त्याच्या टोळीतल्या बाईला, एकट्या राहणाऱ्या शिक्षिकेला किंवा पहिल्यांदा निवडून आलेल्या गरीब सरपंचाला जमणार नाही. त्यांचं संरक्षण पोलीस ठाण्याच्या दारातच व्हायला हवं.

मस्साजोगची घटना याच दिशेनं पाहायला हवी. ६ डिसेंबरला पवनचक्की प्रकल्पाच्या आवारात मारहाण झाली. त्यानंतर तीन दिवसांनी गाडी अडवून सरपंचांना उचलून नेलं आणि काठ्या-पाइपांनी मारलं. त्यांचा जीव बंदुकीनं गेला नाही. माणसांची टोळी रस्त्यात गाडी अडवते तेव्हा एकट्याच्या कंबरेचं पिस्तूल, .३२ असो वा .४५, फार थोडं करू शकतं. मधल्या तीन दिवसांत कायद्यानं आपलं काम तातडीनं केलं असतं तर त्यांच्या वाट्याला हे मरण यायची शक्यता कितीतरी कमी झाली असती.

काय करायला हवं

छाननी एकदाच होऊन थांबू नये. प्रत्येक परवान्याचं नूतनीकरण करताना तो धोका अजून आहे का हे नव्यानं पाहावं. दर पाच वर्षांनी मिळणारी ही संधी शिक्का मारण्यात घालवू नये. ज्याच्यावर गुन्हा दाखल झाला त्याचा परवाना त्याच आठवड्यात तपासाला यावा. परवानाधारकांना वर्षातून एकदा अधिकृत रेंजवर हत्यार चालवून दाखवण्याची सक्ती असावी. ज्याला चार पावलांवरून सुरक्षित हाताळणी जमत नाही त्याच्या हातात ते राहू नये. जिल्ह्यातल्या परवान्यांचे आकडे, नावं न देता, तालुकावार आणि कारणवार दरवर्षी जाहीर व्हावेत. परभणी आणि बीड यांच्यातला एवढा फरक कशातून आला हे नागरिकांना कळण्याचा हक्क आहे.

आणि जो खरंच विचारतो की कोणतं घ्यावं, त्याला माझं सरळ उत्तर असं : आधी धोक्याची लेखी तक्रार करा आणि तिची पोच घ्या. तो धोका पोलिसांनीही मान्य केला तर परवान्याला अर्ज करा. मग नवं, देशी, .३२ बोरचं, तुमच्या हाताला झेपेल असं हत्यार घ्या. सराव जमत नसेल तर रिव्हॉल्व्हर, जमत असेल तर एकेरी मॅगझिनचं पिस्तूल. घरी ते कुलपात राहू द्या, बाहेर पूर्ण झाकून ठेवा, आणि दारू प्यायच्या किंवा भांडणाच्या जागी कधीही नेऊ नका. गावात कुणालाही तुमच्याकडे हत्यार आहे हे कळलं नाही, तर ते तुम्ही नीट निवडलं आणि नीट बाळगलं असं समजा. हे पाळणं जमणार नसेल तर अर्ज करू नका, आणि केला असेल तर मागे घ्या. परवानगीनं मिळालेल्या प्रत्येक पिस्तुलाची जबाबदारी बाळगणाऱ्यापुरती राहत नाही; परवाना देणारं कार्यालय आणि ते मिरवताना पाहून गप्प बसणारे आपण सगळेच तिचे वाटेकरी आहोत.